सातशे फुटांचे अंतर

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला एक जुने कोडे घातले जाई. एक मनुष्य नदीत बुडतो आहे. काठावर उभा असलेल्या दुसऱ्याला थोडेफार पोहता येते. पण पाण्याला ओढ आहे, आणि उडी घातल्यास एकाऐवजी दोघे बुडण्याचा संभव अधिक. त्याने उडी घालावी काय? आमच्यातील उत्साही मंडळी तत्काळ 'घालावी' म्हणत. ज्यांचे लक्ष परीक्षेकडे असे ते 'तो तसे करण्यास बांधील नाही, मात्र केल्यास दोषी नाही' असे सावध उत्तर लिहीत, आणि अर्थातच गुण त्यांना मिळत. आम्ही सावध उत्तर लिहिणाऱ्यांपैकी होतो, हे येथेच सांगून टाकतो.

त्या उत्तरात चूक काहीच नव्हती. परंतु धर्मग्रामात काम करू लागल्यावर ध्यानात आले की, कोड्यातल्या माणसाला चेहरा नसतो. शिवाय कोड्यात दोनच शेवट असतात : बुडणारा वाचतो, नाही तर दोघेही बुडतात. तिसराही शेवट संभवतो. काठावरचा मनुष्य उडी घालतो, बुडणाऱ्यापर्यंत पोहोचतो, त्याचा हात हातात धरतो, आणि तरीही तो बुडतो. उडी घालणारा तेवढा जिवंत बाहेर येतो. मग त्या उडीचे मोल काय? हा प्रश्न आमच्या प्राध्यापकांनी कधी विचारला नाही. तो आम्हांला विचारला अमेरिकन नौदलातील एका लढाऊ वैमानिकाच्या चरित्राने.

थॉमस हडनर यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९२४ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉल रिव्हर या गावी झाला. घराणे आयरिश वंशाचे. वडिलांची किराणा मालाची अनेक दुकाने होती. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ साली, ते नौदलाच्या प्रबोधिनीत दाखल झाले, आणि १९४६ साली शिक्षण संपवून बाहेर पडले तेव्हा युद्ध संपून गेले होते. विमानविद्येचे त्यांना आरंभी मुळीच आकर्षण नव्हते. काही काळ जहाजावर संदेशवहनाचे काम केल्यावर ते तिकडे वळले आणि १९४९ साली वैमानिक झाले. 'लेटे' या विमानवाहू नौकेवरील बत्तिसाव्या लढाऊ तुकडीत त्यांची नेमणूक झाली.

त्याच तुकडीत जेसी ब्राउन होते. ते हडनर यांच्याहून दोन वर्षांनी लहान. मिसिसिपी राज्यातील हॅटीसबर्ग येथे १३ ऑक्टोबर १९२६ रोजी एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई शाळेत शिकवीत असे. वडील किराणा मालाच्या गोदामात कामगार होते. एकाच्या वडिलांची किराणा दुकाने, दुसऱ्याचे वडील किराण्याचे कामगार : वर्णभेद क्षणभर बाजूला ठेवला तरी एवढे अंतर दोघांमध्ये होतेच. ब्राउन यांनी ओहायोच्या विद्यापीठात शिकत असताना रात्री रेल्वेच्या वाघिणींत माल भरण्याचे काम केले. पुढे ते नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणात शिरले. प्रशिक्षण पुरे होईपर्यंत विवाह करण्यास मनाई होती, म्हणून १९४७ साली डेझी नावाच्या तरुणीशी त्यांनी गुपचूप लग्न लावले. २१ ऑक्टोबर १९४८ रोजी त्यांच्या छातीवर वैमानिकाचे सुवर्णपंख लागले. नौदलाचे संपूर्ण प्रशिक्षण पुरे करून तो मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होत. सैन्यात वर्णावरून भेद करू नये हा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश त्या वेळी अवघा तीन महिन्यांचा होता.

त्या दोघांच्या पहिल्या भेटीची हकिगत हडनर यांनीच सांगून ठेवली आहे. उड्डाणाचे कपडे चढवीत असता ब्राउन आत आले, त्यांनी मान लववून अभिवादन केले, पण हात पुढे केला नाही. गोऱ्या माणसाला आपला हात धरणे अवघड वाटेल, उगाच त्याला संकोचात का टाका, असा विचार त्यांनी केला असावा. तेव्हा हडनर यांनी आपण होऊन त्यांचा हात जवळजवळ बळेच हातात घेतला. मोठ्या घटनेपूर्वीची ही लहानशी घटना आम्हांस फार महत्त्वाची वाटते. बर्फावर जे घडले त्याचा आरंभ तेथे झाला होता.

लढाऊ विमाने जोडीजोडीने उडतात. पुढचा वाट दाखवितो, मागचा त्याची पाठ राखतो. हुद्द्याने हडनर वरचे. पण उड्डाणाचा अनुभव ब्राउन यांना अधिक. म्हणून पुढे ब्राउन असत आणि त्यांची पाठ राखण्यास हडनर. गोरा अधिकारी कृष्णवर्णीय कनिष्ठाच्या मागे उडतो, हे दृश्य १९५० साली मिसिसिपीतील कोणत्याही रस्त्यावर दिसले नसते.

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले. 'लेटे' तेव्हा भूमध्य समुद्रात होती. ऑक्टोबरात ती कोरियाच्या किनाऱ्याजवळ पोहोचली. येथे नौदलाच्या वैमानिकाचे युद्धातील काम नेमके काय असे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण वीरकथा सांगताना ते सांगण्याचे सहसा टाळले जाते. त्यांच्या 'कोर्सेअर' विमानाच्या पंखांत सहा जड मशीनगन असत. पंखांखाली अग्निबाण आणि नापामचे डबे. नापाम म्हणजे घट्ट केलेले पेट्रोल. ते ज्याला लागते त्याला चिकटते आणि जळत राहते. कोरियात त्यांच्या वाट्याला आकाशातील द्वंद्वे फारशी आली नाहीत. त्यांचे बहुतेक काम जमिनीवरील लक्ष्यांवर होते : पूल, रस्ते, वाहने आणि माणसे. माणसे अर्थात माणसे म्हणून दिसत नाहीत. वेगाने जाणाऱ्या विमानातून दिसतात ठिपके, धूर, बर्फातील पाऊलवाटा. हे अंतर नसते तर, आम्हांस वाटते, ते काम कित्येकांच्या हातून झाले नसते.

त्या वर्षी २७ नोव्हेंबरपासून चोसिन जलाशयाच्या परिसरात अमेरिकेच्या मरीन तुकड्या चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडल्या. डोंगराळ प्रदेश, जीवघेणी थंडी, आणि वेढा घालणारे संख्येने कितीतरी पट अधिक. आकाशातून मदत मिळाली नसती तर त्यांतील फार थोडे परतले असते. आगमनकाळाचा पहिला रविवार ३ डिसेंबरला होऊन गेला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, बत्तिसाव्या तुकडीची सहा विमाने 'लेटे'वरून निघाली आणि जलाशयाच्या पश्चिमेस शत्रूचा माग काढीत सुमारे सातशे फुटांवरून उडू लागली.

पावणेतीनच्या सुमारास एका सहकाऱ्याच्या लक्षात आले की ब्राउन यांच्या विमानातून इंधन गळते आहे. जमिनीवरून झाडलेली गोळी लागली असावी. उंची इतकी कमी होती की विमानातून उडी घेण्यास अवसर नव्हता. वेढ्याच्या रेषेपासून कित्येक मैल आत, शत्रूच्या मुलखातील एका बर्फाच्छादित उतारावर ब्राउन यांनी विमान आदळवले. ते मोडले आणि नाकाशी धूर निघू लागला. वर घिरट्या घालणाऱ्यांना वाटले, संपले. तोच ब्राउन यांनी हात हलविला. ते जिवंत होते, परंतु बाहेर पडता येत नव्हते; वाकलेल्या धातूत त्यांचा पाय अडकला होता. स्वतःला सोडविण्याच्या खटपटीत त्यांनी शिरस्त्राण आणि हातमोजे काढून टाकले होते.

हडनर यांनी कोणाची परवानगी मागितली नाही. शस्त्रास्त्रे टाकून विमान हलके केले, चाके आत ठेवूनच ते त्या उतारावर पोटावर उतरविले, आणि बर्फातून धावत ब्राउन यांच्यापाशी गेले. त्या आदळण्यात त्यांच्या पाठीला झालेली इजा त्यांना पुढे दीर्घकाळ जाणवत राहिली. सातशे फुटांचे अंतर एका माणसाने अशा रीतीने तोडले.

त्यानंतर जे झाले त्यात वीरश्रीला शोभेसे फारसे काही नाही. त्यांनी ब्राउन यांच्या डोक्यावर लोकरीची टोपी चढविली, गोठलेल्या हातांभोवती गळपट्टा गुंडाळला. ओंजळीने बर्फ उचलून धुमसणाऱ्या इंजिनावर टाकले. पाय ओढून पाहिला, निघेना. पुन्हा आपल्या मोडक्या विमानाकडे जाऊन हेलिकॉप्टरबरोबर कुऱ्हाड आणि आग विझविण्याचे यंत्र पाठविण्याविषयी संदेश दिला. लेफ्टनंट चार्ल्स वॉर्ड हेलिकॉप्टर घेऊन आले. दोघांनी पाऊण तास कुऱ्हाडीने घाव घातले; धातूवर ओरखडेच उठत होते. ब्राउन शुद्धीवर होते तोवर शांतपणे बोलत होते. आपला पाय कापून मला बाहेर काढा, असेही ते म्हणाले; जवळ एक सुरी तेवढी होती. डेझीला माझे प्रेम कळवा, हा त्यांचा निरोप. मग शुद्ध हरपली. अंधार पडू लागला, आणि त्या हेलिकॉप्टरला अंधारात डोंगरातून उडणे शक्य नव्हते. हडनर यांनी त्यांना, आम्ही अवजारे घेऊन परत येतो, असे सांगितले आणि ते वॉर्डबरोबर निघाले.

आता ते जुने कोडे पुन्हा मांडू. हिशेबाच्या वहीत या कृत्याच्या जमेस काय लिहावे? एक माणूस वाचविण्यास गेले. तो वाचला नाही. एक चांगले विमान गेले. एक वैमानिक जायबंदी झाला. वेढ्यात अडकलेल्या हजारोंना त्या दिवशी प्रत्येक विमानाची गरज असताना एक विमान कमी झाले. हेलिकॉप्टरच्या चालकाचा जीव धोक्यात आला. आणि त्या वॉर्ड यांचे नाव ही कथा सांगणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात असते? सेनादलाने या प्रसंगाला दिलेले उत्तर तर मोठे बोलके आहे. १३ एप्रिल १९५१ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी हडनर यांना देशातील सर्वोच्च शौर्यपदक दिले. डेझी ब्राउन त्या समारंभास उपस्थित होत्या. आणि दुसरीकडे, पडलेल्या सहकाऱ्यासाठी कोणी अशा रीतीने विमान उतरवू नये, असे हुकूमही निघाले. एका हाताने पदक, दुसऱ्या हाताने मनाई. यात ढोंग आहे असे आम्हांस वाटत नाही. प्रेमाचे असे एखादे कृत्य वंदनीय असू शकते, तरी त्याचा नियम करता येत नाही, हे त्या अधिकाऱ्यांना उमगले असावे.

संत थॉमस अक्विनास यांनी धैर्याला विवेकाच्या हाताखाली ठेवले आहे. विवेक नसेल तर धैर्य हा सद्गुणच राहत नाही, ते केवळ बेभानपण. आपल्याकडे गाळ काढण्यास विहिरीत उतरलेला मनुष्य विषारी वायूने गुदमरतो, त्याला काढण्यास भाऊ उतरतो, त्याच्यामागून मुलगा, आणि संध्याकाळी एकाच अंगणातून तीन शवपेट्या निघतात. अशा घरी आम्ही काय बोलावे? त्यांचे प्रेम खरे होते. त्यांनी दोर बांधायला हवा होता हेही खरे. हडनर यांनी दोर बांधला होता काय? काही अंशी होय. उतरण्याजोगी जागा त्यांनी पाहिली होती, हेलिकॉप्टर मिळू शकते हे ठाऊक होते, आणि आपल्या अंगात बळ आहे, पाय ओढून काढता येईल, असा त्यांचा अंदाज होता. अंदाज चुकला. पण चुकलेला अंदाज आणि अविवेक या दोन गोष्टी एक नव्हेत. मरण शोधण्यास ते गेले नव्हते. ते एका माणसाला घेऊन परत येण्यासाठी गेले होते. त्याच संत थॉमसांनी असेही लिहून ठेवले आहे की, मनुष्याने स्वतःच्या देहापेक्षा शेजाऱ्यावर अधिक प्रीती करावी. मात्र त्यासाठी देह संकटात घालणे हे प्रत्येक वेळी बंधन नव्हे, ती प्रीतीची पूर्णता होय. आमचे सेमिनरीतले सावध उत्तर पुष्कळसे येथूनच आले होते. फक्त 'पूर्णता' हा शब्द आम्ही उत्तरपत्रिकेत गाळला होता.

तरीही, तो वाचला नाही, या वाक्यापाशी आम्ही अडतो. रात्री-अपरात्री दारावर थाप पडते, 'फादर, लवकर चला' असे कोणीतरी म्हणते, आणि आम्ही तेलाची कुपी घेऊन निघतो. तेथे गेल्यावर ध्यानात येते की डॉक्टर येऊन गेले आहेत, करण्यासारखे काही उरलेले नाही. संस्कार देतो, प्रार्थना करतो. मग उठून जावे, तर खाटेवरचा हात आमचा झगा धरून ठेवतो. अशा वेळी दोन-दोन तास आम्ही नुसते बसलो आहोत. त्या दोन तासांत कोणाचाही प्राण आम्ही वाचविला नाही. पण ते दोन तास वाया गेले असे कोणी म्हणाले, तर ते मानण्यास आम्ही तयार नाही. चोसिनच्या उतारावर ब्राउन एकटे मेले असते, वर घिरट्या घालणाऱ्या विमानांकडे पाहत. त्याऐवजी त्यांच्या डोक्यावर दुसऱ्याने चढविलेली टोपी होती, आणि बायकोचा निरोप ऐकून घेणारे कान जवळ होते. कोड्याच्या उत्तरात हे धरता येत नाही, म्हणून ते काहीच नाही असे ठरत नाही.

परत येतो, या शब्दांचाही विचार केला पाहिजे. हडनर यांना अवजारे मिळणार नव्हती, रात्री परत येणे शक्य नव्हते, आणि ब्राउन सकाळ पाहणार नाहीत हे त्यांना कळत होते. मग ते असत्य होते काय? संत ऑगस्टिन या बाबतीत कठोर आहेत. मरणाऱ्याचे समाधान करण्यासाठीही खोटे बोलू नये, असे त्यांचे मत. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे याच्या अगदी उलट. 'फादर, त्यांना काही सांगू नका हं, दोन दिवसांत बरे व्हाल असे म्हणा,' असे आम्हांला उंबरठ्यावरच बजावले जाते. आम्ही तसे म्हणत नाही. म्हणून रागावलेलीही माणसे आम्हांला ठाऊक आहेत. हडनर यांच्या बाबतीत मात्र आमचा हात त्यांना दोष देण्यास धजत नाही. ब्राउन बहुधा काही ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. आणि वचन देणाऱ्याने ते वचन पुढे काय केले, हेही पाहिले पाहिजे. त्याविषयी शेवटी सांगू.

जहाजावर परतल्यावर हडनर यांनी, देह आणण्यासाठी मला पुन्हा जाऊ द्या, अशी विनवणी केली. वरिष्ठांनी नकार दिला : शत्रू दबा धरून बसला असेल, एका मृतासाठी आणखी जिवंत माणसे कशाला गमवावी? या नकाराला आम्ही चूक म्हणणार नाही. मग ७ डिसेंबरला त्याच तुकडीची विमाने त्या उतारावर गेली आणि ब्राउन यांचा देह व विमान शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी तेथे नापाम टाकले. टाकताना वैमानिकांनी प्रभूने शिकविलेली प्रार्थना म्हटली.

हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. मित्राचा अंत्यविधी करण्यास त्या तरुणांपाशी दुसरे काही नव्हते. होते ते त्यांनी वापरले, आणि लहानपणी आईने शिकविलेले शब्द त्यासोबत वाहिले. त्यांची श्रद्धा खोटी होती असे आम्ही कसे म्हणावे? पण ती प्रार्थना 'माझ्या बापा' अशी सुरू होत नाही. तिच्यातील बाप 'आमचा' आहे. आणि तीत अपराधांची क्षमा मागितली आहे, ती आपण इतरांना केलेल्या क्षमेच्या मापाने. आदल्या दिवसांत तोच जळता द्रव, त्याच विमानांतून, त्याच परिसरातील इतर उतारांवर पडला होता. तेथे कोण होते? ज्या चिनी शिपायांनी चोसिनला वेढा घातला त्यांतील हजारो जण पातळ कापडी बुटांत त्या हिवाळ्यात आले होते. कित्येक जण दबा धरून बसल्या जागी गोठून मेले. ब्राउन यांचे हात ज्या थंडीने गोठविले, त्याच थंडीने त्यांचेही. त्यांच्याही घरी कोणी निरोपाची वाट पाहत होते. त्यांच्यासाठी कोणी विमान खाली उतरविले नाही. तसे करण्याची अपेक्षाही कोणी करणार नाही. आणि त्या खेड्यांतील कोरियन लोक तर कोणाचेच शत्रू नव्हते.

लूककृत शुभवर्तमानात शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? हडनर यांना हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. त्यांचा शेजारी रोज त्यांच्या पुढे उडत होता. वर्णाची भिंत ओलांडून त्याचा हात त्यांनी धरला होता, आणि म्हणून तो पडला तेव्हा तो ठिपका न राहता जेसी राहिला. येथेच आमची अडचण आहे. ज्याचा हात आपण एकदा धरला त्याच्यासाठी आपण बर्फात उतरतो. ज्याचा धरला नाही त्याच्यावर तेच आपण अग्नी टाकतो, आणि दोन्ही कामे एकाच कर्तव्यबुद्धीने करतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सैनिकांकडे आदराने पाहिले आहे : आपल्या लोकांच्या सुरक्षिततेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक, असे. त्याच दस्तऐवजाने सबंध शहरे व विस्तीर्ण प्रदेश त्यांतील रहिवाशांसह सरसकट नष्ट करणाऱ्या युद्धकृत्यांचा तीव्र निषेध केला आहे. या दोन विधानांमधील जागेत वैमानिकाला आपले आयुष्य काढावे लागते. वेढ्यातील मरीन वाचले ते अशा वैमानिकांमुळे, हे आम्ही विसरत नाही. अंतर नसते तर ती माणसे वाचली नसती, आणि अंतर होते म्हणून इतर मेली. यातून सुटण्याची वाट आम्हांला सापडलेली नाही, आणि सापडली असल्याचा आव आणणे हे या पृष्ठांवर शोभणार नाही.

त्याच कोरियात, त्याच हिवाळ्यात, आपल्या देशाने लढाऊ सैन्य न पाठविता एक वैद्यकीय पथक पाठविले होते : लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालील साठावे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स. १९५० च्या नोव्हेंबरात ते तेथे पोहोचले. जखमी सैनिकांबरोबर तेथील सामान्य नागरिकांवरही त्यांनी उपचार केले. कोरियाच्या युद्धाविषयी आपल्याकडे आता कोणी फारसे बोलत नाही. निदान ही माणसे स्मरणात राहावीत म्हणून हा उल्लेख.

हडनर यांची कारकीर्द तेथे संपली नाही. ते नौदलातच राहिले. व्हिएतनामच्या युद्धात 'किटी हॉक' या विमानवाहू नौकेवर दुय्यम अधिकारी होते, आणि १९७३ साली कप्तान म्हणून निवृत्त झाले. त्याच वर्षी १७ फेब्रुवारीला ब्राउन यांचे नाव दिलेली युद्धनौका बॉस्टन येथे नौदलात दाखल झाली. डेझी, त्यांची मुलगी आणि हडनर तिघेही तेथे होते. इतरांनी त्यांना वीर म्हटले. पण उरलेल्या आयुष्यात त्यांनी ब्राउन यांच्याविषयीच अधिक सांगितले.

आता त्या वचनाविषयी. १९५३ च्या २७ जुलैला कोरियात युद्धबंदी झाली. शांततेचा तह आजतागायत झालेला नाही. ती जागा उत्तर कोरियात राहिली, आणि अमेरिकन माणसाला तेथे वाट नव्हती. जुलै २०१३ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, हडनर प्याँगयांगला गेले. ज्या देशाशी आपण लढलो, ज्याच्या डोंगरांवर आपल्या विमानांनी अग्नी टाकला, त्याच देशाच्या अधिकाऱ्यांसमोर ते बसले आणि आपल्या मित्राचे अवशेष शोधण्यास परवानगी मागू लागले. अधिकाऱ्यांनी नकार दिला नाही. परंतु पावसाळा होता, चोसिनकडे जाणारे रस्ते पुराने बंद होते. सप्टेंबरात हवा निवळली की पुन्हा या, असे त्यांना सांगण्यात आले.

पुन्हा जाणे त्यांच्याच्याने झाले नाही. १३ नोव्हेंबर २०१७ रोजी ते वारले आणि पुढील एप्रिलमध्ये आर्लिंग्टनच्या दफनभूमीत त्यांचे दफन झाले. जेसी ब्राउन अद्याप त्या उतारावरच आहेत.